मांय, तुमची किडनी चालू आहे

मांय, परवा डिचोलीला जाऊन रक्त तपासून आले. घरात सुतक असताना सून बाहेर पडली म्हणून ओटीवर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले, पण तपासणीची वेळ ठरलेली होती आणि मी ती चुकवली असती तर तुम्हीच मला फैलावर घेतले असते. क्रिएटिनिन उत्तम आहे. रक्तात साचलेली घाण दाखवणारा हा आकडा तुम्हाला तुमच्या नातवाच्या मार्कांपेक्षा जास्त पाठ असायचा. रिपोर्ट घेऊन पायरी चढताना सवयीने तोंडातून निघणारच होते, "मांय, बरी आसा!" आणि आतून तुमचे ठरलेले उत्तर यायचे होते, "आसतलीच. कोणाची ती?" तोंड उघडले आणि तसेच मिटले. ओटीवरच्या बायकांना वाटले, मला रडू आले. आलेच होते.

आमच्या दोडामार्गाकडे सासूला आई म्हणतात. मुळगावच्या या घरात आले तेव्हा मांय म्हणायला शिकले, आणि त्याच आठवड्यात तुमच्याशी भांडायलाही. तुम्हाला सून म्हणून हवी होती लाटंबार्सेची तुमची भाची, आणि विश्रामनी आणली मराठी शाळेतली मास्तरीण. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे पाहताहेत, तुम्ही तेवढ्या मांडवाच्या खांबाकडे. मग आमटीत सोलां, म्हणजे आमसुले, किती घालायची यावरून भांडलो, पाव दारावर येणाऱ्या पोदेराकडून घ्यायचा की भाकरी भाजायची यावरून भांडलो, मी शाळेत जाताना साडीला पिना किती लावते यावरूनसुद्धा भांडलो. बरे असले की मी "गो बाय" आणि बिनसले की "टीचर". "टीचर, तुमच्या पुस्तकात हें छापलां?" असे तुम्ही विचारलेत की आज जेवणात मीठ कमी पडले हे शेजारच्या घरालाही कळायचे. शब्दाने शब्द वाढायचा आणि शेवटचा शब्द नेहमी तुमचा असायचा.

मग माझे पाय सुजू लागले. वर्गात फळ्याशी उभी राहिले की धाप लागायची. दोन्ही किडन्या निकामी होत आल्याचे निदान झाले आणि डायलिसिस सुरू झाले. एका दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायचे, आणि मधल्या दिवशी पुढच्या दिवसाची धास्ती घ्यायची. विश्राम तेव्हा खाणीवरचे टिप्पर सोडून शाळेची बस चालवू लागले होते. ते आपली किडनी द्यायला एका पायावर तयार होते, पण त्यांना साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी नको म्हटले. माझे आईवडील आधीच गेलेले. भावाचा रक्तगट जुळला नाही. आमचा मुलगा तेव्हा पाटीवर अक्षरे गिरवत होता.

मोठ्या हॉस्पिटलात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. विश्राम मान खाली घालून, मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहत, आणि तुम्ही कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, अगदी कडेला, जणू केव्हाही उठून घरी जाणार. ताई समजावत होत्या आणि तुम्ही त्यांना मध्येच अडवलेत.

"बाय, सगळे सांग. मनशाच्या आंगातले कायकाय दुसऱ्याक दिवंक जाता?"

ताई हसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. जिवंतपणी माणूस दोनांतली एक किडनी देऊ शकतो, लिव्हरचा तुकडा देऊ शकतो, तो दोघांच्याही पोटात वाढून पुरेसा होतो. हाडांतला मगज देऊ शकतो, तो तर पुन्हा भरून येतो. मेंदू कायमचा बंद पडला आणि श्वास यंत्रावर चालला असेल, तर घरच्यांच्या संमतीने हृदय, फुप्फुसे, लिव्हर, दोन्ही किडन्या, स्वादुपिंड, आतडेसुद्धा देता येते. आणि माणूस घरी, अंथरुणावर गेला, तर ते सगळे काही वेळातच वाया जाते. तेव्हा डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा देता येतो, आणि कुठे सोय असली तर त्वचा. मी शिकवण्याच्या धंद्यातली, पण ते ऐकताना माझ्या डोक्यात काही शिरत नव्हते. तुमच्या शिरले. बाहेर आल्यावर बसच्या थांब्यावर तुम्ही बोटांवर मोजत म्हणालात, "म्हणजे तीन तऱ्हा. जितेपणी दिवपाचे, मशिनार आसताना दिवपाचे, आनी घरात मेल्यार दिवपाचे. मी पयल्या तऱ्हेचे दितंय."

विश्राम म्हणाले, "आई, कोणाक?"

"तुज्या बायलेक. आनी कोणाक? पोदेराक?"

मला तेव्हा आनंद झाला नाही, मांय, मी घाबरले. जी बाई माझ्या हातची आमटी घ्यायला तयार नाही तिची किडनी मी कशी घेऊ, हा पहिला विचार मनात आला. पण तपासण्या एकेक करून जुळत गेल्या. सख्ख्या भावाचे जुळले नाही ते तुमचे जुळले. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्याशिवाय इतके बरे जुळणे नेहमीचे नाही. तुम्ही त्यांच्याकडे असे पाहिलेत की जणू त्यात विशेष ते काय.

मग तुम्ही गावच्या देवीकडे प्रसाद लावायला गेलात. मोठे काम काढायचे तर आपल्याकडे देवीच्या अंगावर पाकळ्या लावून तिची संमती घेतात. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नको. जमीन घ्यायची असो की सोयरीक जुळवायची असो, प्रसादाशिवाय या घरातले पान हलत नाही. आपा, म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ आणि आता घरातले कर्ते, तेही बरोबर होते. मी बाहेर तुळशीपाशी बसून होते, मला आत उभे राहवत नव्हते. डावी पडली. भटजींनी मान हलवली. आपा म्हणाले, "ना म्हणला देवीन. वयनी, आतां हो विषय बंद." मी ते बाहेरून ऐकले आणि मनात हिशेब मिटवून टाकला. आता यंत्र आहे तोवर मी आहे.

आणि मग तुमचा आवाज ऐकू आला. देवीसमोर उभे राहूनही तुमचा आवाज खाली येत नसे.

"आपानु, मी विचारूक येवंक ना. सांगूक आयलंय."

पुढे कितीतरी दिवस गावात हाच विषय होता. कोणी म्हणाले, बाईला घमेंड आली. कोणी म्हणाले, सुनेने काहीतरी खायला घातले असणार. तुम्ही मात्र दर सणाला त्याच देवीची ओटी भरत राहिलात, आणि तुमचे काही बिनसले आहे असे वाटू दिले नाहीत. एकदा मी विचारले तर म्हणालात, "तिचो राग नाय माजेर. तीय बायल मनीस, तिका कळता." त्या दिवसापासून मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. भांडत राहिलेच, पण वेगळ्या नजरेने.

सरकारी समितीपुढची गोष्ट तर तुम्ही गेल्यावरही लोक आठवून सांगताहेत. सासू-सून हे नाते कायद्याच्या जवळच्या नात्यांत बसत नाही, त्यामुळे कोणी दबाव आणून किडनी काढून घेत नाही ना, हे समिती समोरासमोर विचारते. आईने मुलाला दिली तर कोणी भुवई उचलत नाही. सासूने सुनेला दिली म्हटल्यावर त्यांना शंका आली की मुलाने आईला दमात घेतले असणार. प्रेमाचा पुरावा म्हणून आम्हा दोघींचा एकत्र फोटो मागितला गेला, आणि आमच्याकडे होता तो मांडवाच्या खांबाचा. मी घरून पढवून नेले होते, मांय, नीट बोला, आमचे चांगले चालते म्हणा. तुम्ही मान डोलावली होतीत.

साहेबांनी विचारले, "तुमचे सुनेशी संबंध कसे आहेत?"

"रोज झगडतांव."

विश्रामनी कपाळाला हात लावला. साहेब पुढे सरकून बसले.

"कशावरून?"

"सोलां चड घालता ती आमटीत. मास्तरीण म्हूण कोणाचे आयकना."

"मग तिला किडनी का देता?"

तुम्ही त्यांच्याकडे असे पाहिलेत की शिकलेल्या माणसाला इतकेही कळू नये. "साहेब, ती गेल्यार मी कोणाकडेन झगडू? घोव मेलो, झील गप्पगार. घरात बोलपाक मनीस नाका?"

समितीतल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनी डोळे पुसले. परवानगी मिळाली. आमच्या भांडणाला सरकारदरबारी मान्यता मिळाली, असे विश्राम अजून म्हणतात.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा मला काही दिसण्याआधी तुम्ही ऐकू आलात. तुम्हाला पलीकडच्या खोलीत झोपवून ठेवले होते, कुशीला टाके, आणि तुम्ही नर्सना एकच प्रश्न विचारून भंडावून सोडले होते, की तिची चालू झाली का. नव्या किडनीने लघवी केली की शस्त्रक्रिया साधली हे ताईंनी सांगितलेले तुम्ही गाठीला बांधून ठेवले होते. नर्सने येऊन सांगितले आणि तुम्ही खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडलात, "मुतली गो, बाय मुतली!" मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. आज मागे वळून पाहते तर माझ्या आयुष्यात माझे इतके मोठ्याने कौतुक दुसऱ्या कोणी केलेले नाही.

तेव्हापासून माझी प्रकृती ही तुमची इस्टेट झाली. रिपोर्ट चांगला आला की श्रेय तुमचे, आणि थोडा बिघडला की दोष माझ्या सोलांचा. गणेशचवथीला पाहुणे आले की गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभे करून तुम्ही माझी ओळख करून द्यायचात, "हिच्यात माजी आसा." नवखा पाहुणा गोंधळून माझ्याकडे पाहत राही. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली असताना बोंडू पिकले की तुम्ही माहेरच्या काजूच्या बागेत पाटी घेऊन हजर. मी ओरडले की म्हणायचात, "एक आसा तरी पुरो. दोन कित्याक जाय? देवान एक चड दिलेली, ती तुका दिली."

आणि बुधवारचा डिचोलीचा बाजार! मिरच्या निवडता निवडता तुम्ही बायकांना त्या तीन तऱ्हा समजावून सांगायचात. कोणाच्या भावाचे लिव्हर गेले, कोणाच्या पोराला डायलिसिस लागले, सगळ्या तुम्हाला गाठायच्या. एकदा भाजीवालीने विचारले, "हार्टय जितेपणी दिवंक जाता?" तुम्ही वाकडे तोंड करून म्हणालात, "जाता गो. पूण मागीर तू घरा कशी येतली?" सगळी ओळ हसली, आणि हसता हसता कोणते केव्हा देता येते ते तिच्या लक्षात राहिले. मी शाळेत इतकी वर्षे शिकवते आहे, पण असे शिकवायला मला अजून जमलेले नाही. तुम्हाला बाजारात बोलताना पाहिले की मी थोडी मागे उभी राहायची, आणि कोणी विचारले तर सांगायची, ती माझी सासू. तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

सकाळ-संध्याकाळ मी गोळ्या घेते. त्या गोळ्या आजार बरा करत नाहीत. शरीराला हा अवयव परका आहे हे कळू नये आणि त्याने तो नाकारू नये, म्हणून त्या घ्यायच्या, आणि जन्मभर घ्यायच्या. परवा तुमच्या फोटोसमोर बसून त्या गिळताना मनात आले, मी या घरात परकी म्हणून आले होते आणि तुम्हाला मला आपली करायला कसल्या गोळ्या लागल्या नाहीत. वेळ लागला एवढेच. हे तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "टीचर, भाषण पुरे."

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. घरी आल्यावर मी तुमचे आभार मानायला, देव बरें करूं म्हणायला आले होते. पाया पडायला वाकले आणि तुम्ही मला अर्ध्यातच अडवलेत. "तुजेखातीर न्हय दिली. पोराक आवय जाय म्हूण दिली. फुगूं नाका." त्यानंतर जेव्हा जेव्हा मी तो विषय काढला तेव्हा हेच. मी म्हणायची, मांय, समितीपुढे तर दुसरेच बोललात. तुम्ही म्हणायचात, ते साहेबाक बरे वाटूक. शेवटपर्यंत कबूल केले नाहीत. तुम्ही गेलात तरी मी हे मान्य करणार नाही. पोराला आई हवी होती हे खरे, पण तापात माझ्या उशाशी बसून तुम्ही पोराचे नव्हे, माझे कपाळ चेपत होतात. देव बरें करूं, मांय. आज मला अडवायला तुम्ही नाही म्हणून म्हणते, आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही म्हणून ते म्हणण्यातही मन लागत नाही.

तुम्ही गेलात ती सकाळ अगदी साधी होती. पोदेराच्या सायकलचे शिंग वाजले, तुम्ही उंडे पाव घ्यायला पायरीवर गेलात, घेतलेत, आणि तिथेच खांबाला टेकून बसलात. डॉक्टर आले तोवर संपले होते. विश्राम भिंतीला पाठ लावून बसून राहिले. आणि रडता रडता मला एकदम तुमची तिसरी तऱ्हा आठवली. घरात मेल्यार डोळे. तुम्ही ते शंभरदा सांगून ठेवले होते, थट्टेत नव्हे, पोटतिडकीने. पण डोळे काही तासांतच काढावे लागतात, आणि अंगणात आपा येऊन बसले होते.

मी विश्रामना सांगितले, त्यांनी आपांना विचारले. आपांनी मान हलवली. ते दुष्ट नाहीत, मांय, तुम्हालाही ठाऊक होते. वहिनीवर त्यांची माया होती. ते म्हणाले, "एक किडनी आदींच दिली, देवीन ना म्हणला तरी. आतां दोळे? आंधळी करून धाडतलांव तिका? आनी तिच्या दोळ्यांचे ऑपरेशन जालां, ते कोणाक उपकारतले?" अंगणातल्या माणसांनी माना डोलावल्या. बायका आंघोळीचे पाणी तापवायला निघाल्या.

आपांसमोर मी कधी तोंड वर करून बोललेली नाही. ते ओटीवर असले की मी मागच्या दाराने जाते. पण त्या दिवशी पुढच्या दाराने बाहेर आले. आधी मोतीबिंदूचे सांगितले, की ती भिंग बदलण्याची शस्त्रक्रिया होती, देतात तो पुढचा पडदा, आणि तो शाबूत आहे. ते पटले की नाही कळले नाही. आपा म्हणाले, "हे ठरोवपी तू कोण गो? सून तू."

मी पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ती बसवली आहे, तिथे हात ठेवला. "आपानु, मांयचो एक जितो भाग ह्या घरात अजून चलता. तो हांगा आसा, माज्या पोटात. ताका विचारा. तो होय म्हणता."

पाण्याकडे निघालेल्या बायका थांबल्या. आपा माझ्या हाताकडे पाहत राहिले, मग तुमच्याकडे पाहिले, आणि उपरण्याने तोंड पुसून विश्रामना म्हणाले, "मगे आपय तांकां." विश्रामनी नेत्रपेढीला फोन केला.

नेत्रपेढीची दोन पोरे आली, जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेऊन त्यांनी काम केले आणि तुमच्या पापण्या होत्या तशा मिटून ठेवल्या. आपा आत येऊन तुमच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. काहीच वेगळे दिसत नव्हते. मग त्यांनीच पुढे होऊन तुम्हाला खांदा दिला.

मांय, इतकी वर्षे तुमच्याशी भांडले आणि एकदाही जिंकले नाही. जिंकले ते तुमच्यासाठी भांडले तेव्हा.